साहेबांनी विचारलं, "दोन वर्षं आहेस ना?" आणि मी "हो" म्हणालो

टूलरूमवाला
१३ जून २०२४, सकाळी ११.२०

आज गुरुवार, आमची साप्ताहिक सुट्टी. बायको पतसंस्थेत गेली आहे, मुलगी मामाकडे आहे. नऊ दिवस मनात साचलेलं आज सलग लिहून काढतो.

मी चाकण एमआयडीसीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये सिनिअर सुपरवायझर आहे. वय ३६. आयटीआय फिटर, मग अप्रेंटिसशिप, मग भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये चार वर्षं आणि १६ जानेवारी २०१२ पासून इथे. पत्र्याचे पार्ट ज्या डायमधून निघतात त्या डाय दुरुस्त करणं, ट्रायल घेणं, नवीन डाय लाइनवर चढवून देणं हे माझं काम. रात्री दोन वाजता प्रेस अडकली तर फोन मला येतो आणि मी जातो. बारा वर्षांत "येत नाही" असं एकदाही म्हटलेलं नाही.

मला आता आयटीआयमध्ये शिकवायचं आहे. याला कंटाळा कारण नाही. टूलरूम मला आजही आवडते. आमच्याकडे दरवर्षी अप्रेंटिस पोरं येतात. तीन वर्षांपूर्वी जुन्नरकडचा एक मुलगा आला होता. त्याला व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, वाचता येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटायची. पुठ्ठ्यावर मोठी पट्टी काढून मी त्याला जेवणाच्या सुट्टीत आठवडाभर शिकवलं. आज तो आमचा ट्रायलचा सगळ्यात भरवशाचा माणूस आहे. त्या आठवड्यात मला जे वाटलं, ते कुठलीही डाय चालू करून कधी वाटलं नव्हतं. पुढे माझ्या जुन्या सरांनी एका खाजगी आयटीआयमध्ये गुरुवारी दोन तास घ्यायला बोलावलं. दीड वर्ष जातोय, तासाप्रमाणे थोडे पैसेही मिळतात. आता पूर्णवेळ तेच करायचं म्हणून सीआयटीएसचा, म्हणजे निदेशक प्रशिक्षणाचा एक वर्षाचा कोर्स मुंबईला चुनाभट्टीच्या एनएसटीआयमधून, म्हणजे केंद्राच्या कौशल्य प्रशिक्षण संस्थेतून, करायचा विचार आहे. राज्य सरकारच्या शिल्प निदेशकाच्या, म्हणजे आयटीआयमधल्या शिक्षकाच्या, जागेसाठी खुल्या प्रवर्गाला वयाची अट ३८ आहे, त्यामुळे फार थांबता येत नाही. घरात सगळं ठरलंय. चौदा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवले आहेत.

आता मुद्दा. ४ जूनला, सगळी कंपनी मोबाईलवर लोकसभेचे निकाल बघत असताना, प्लँटच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. जानेवारीत नवीन सर्व्हो प्रेसची लाइन येते आहे. तिच्या डायची जबाबदारी माझ्याकडे द्यायची आणि सप्टेंबरमध्ये तीन आठवडे जपानला प्रशिक्षणाला पाठवायचं असं ठरलंय. परत आल्यावर दोन वर्षांचा बॉण्ड, म्हणजे तेवढी वर्षं नोकरी सोडणार नाही असा करार. साहेब म्हणाले, "दोन वर्षं आहेस ना रे? तुझ्या नावावर मी वरती बोललोय."

मी म्हणालो, "हो साहेब."

तोंडातून निघून गेलं. याच साहेबांनी २०२१ मध्ये, वडील ऑक्सिजनवर असताना, मला न मागता तीन आठवडे सुट्टी दिली होती आणि पगार कापला नव्हता. तेव्हापासून मी कामावर दुप्पट राबतोय. सुट्टीच्या दिवशी जातो, दुसऱ्याची शिफ्ट करतो, कुणी सांगितलेलं नसतानाही थांबतो. बायको म्हणाली, "हे काम नाही, प्रायश्चित्त चाललंय तुमचं." तिचं खरं आहे.

बॉण्डवर सही ३० जूनपर्यंत द्यायची आहे. सीआयटीएसचा प्रवेश अजून हातात नाही. साहेबांना सांगू का? सांगायचं तर कधी, किती? आणि निघेपर्यंतचे दिवस कसं काम करावं की नंतर आरशात बघता येईल? अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने लिहा, कडक लिहिलंत तरी चालेल.

कृष्णाकाठ
१३ जून २०२४, दुपारी १.०५

प्रवेश हातात येईपर्यंत एक अक्षर बोलू नका.

मी सतरा वर्षं एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. एकही स्टॉक ऑडिट असं नाही की ज्यात माझा आकडा चुकला. मे २०२०मध्ये फोन आला, दोन मिनिटं बोलले, संपलं. माझं टेबलसुद्धा मला आवरू दिलं नाही, सामान खोक्यात भरून गेटवर ठेवलं होतं. मला कुणी दोन महिने आधी विचारलं नव्हतं की तुम्हाला चालेल का. कंपनीला जेवढं देणं आहे ते रोजच्या रोज पंचिंगबरोबर फिटतं. उद्याचं उत्तर आज द्यायला तुम्ही बांधील नाही.

तुम्ही खोटं बोललात असं मला वाटत नाही. त्या क्षणी तुमच्याकडे नोकरी होती आणि प्रवेश नव्हता.

नोंदवही
१४ जून २०२४, रात्री ९.४०

पंधरा वर्षं पगार विभागात काम करते आहे, म्हणून आधी हिशेबाचं लिहिते. मनाचं नंतर.

पहिलं, ग्रॅच्युइटी. १९७२च्या कायद्याप्रमाणे शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. यात शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस भरले तर ते पूर्ण वर्ष धरतात. तुम्ही १६ जानेवारीला लागलात. म्हणजे १६ जुलैच्या आधी सुटलात तर बारा वर्षं, नंतर सुटलात तर तेरा. हे बहुतेकांना माहीत नसतं आणि आठ दिवसांसाठी पैसे सोडून लोक निघून जातात. निघाल्यावर तीस दिवसांत रक्कम मिळायला हवी.

दुसरं, पीएफ काढू नका. दहा वर्षांच्या वर सेवा झाल्यामुळे ५८व्या वर्षी पेन्शन मिळण्याचा तुमचा हक्क तयार झालेला आहे. वर्षभर नोकरी नसेल तर फॉर्म १०सी भरून स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवा. पुढच्या नोकरीत तीच सेवा जोडली जाते.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विमा. नोकरी सुटली की पीएफबरोबर मिळणारं ईडीएलआयचं, म्हणजे नोकरीत असताना मृत्यू आला तर घरच्यांना मिळणाऱ्या विम्याचं संरक्षण, जे जास्तीत जास्त ७ लाखांचं असतं, तेही सुटतं आणि कंपनीचा मेडिक्लेमही. घरी आई असतील आणि त्यांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे राजीनाम्याच्या निदान दीड महिना आधी विचारा. टर्म इन्शुरन्स घ्यायचा असेल तर आत्ता घ्या, कारण पगाराची स्लिप मागतात.

गुरुवारच्या तासांबद्दल. कारखाने अधिनियमातलं कलम ६० एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्याबद्दल आहे, सुट्टीच्या दिवशी आयटीआयत शिकवण्याबद्दल नाही. पण तुमच्या नेमणूकपत्रात "अन्यत्र मोबदला घेऊन काम करणार नाही" असं एखादं वाक्य असेल. पत्र काढून वाचा. २०२२मध्ये विप्रोने एकदम तीनशे जणांना काढलं ते प्रतिस्पर्ध्यांकडे काम केल्याबद्दल. तुमचं तसं अजिबात नाही, तरी लेखी परवानगी कागदावर असलेली बरी.

बॉण्डचं थोडक्यात. बॉण्ड मोडला तर कंपनी झालेल्या खर्चाची वाजवी भरपाई मागू शकते. तुमची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं योग्य नाही, ती कुणालाही देऊ नका. पण तुमचा प्रश्न बॉण्ड कसा मोडावा हा नाहीच, हे मला कळतंय.

टूलरूमवाला
१५ जून २०२४, रात्री ११.५०

नोंदवहीताई, फार आभार. सेकंड शिफ्टवरून आत्ता आलो आणि पगाराची स्लिप काढून बसलो. मूळ अधिक भत्ता ३१,२००. म्हणजे वर्षाला १८,०००. बारा वर्षांचे २ लाख १६ हजार, तेरा वर्षांचे २ लाख ३४ हजार. अठरा हजार म्हणजे आमचे दीड महिन्याचे घरखर्चाचे पैसे. मी १० जुलैला सुटायचा विचार करत होतो.

नेमणूकपत्रात तसं वाक्य आहे. कलम ११. बारा वर्षांत आज पहिल्यांदा वाचलं.

आईला मधुमेह आहे. सोमवारी विम्याचं विचारतो.

कोपऱ्यातली खुर्ची
१६ जून २०२४, सकाळी ७.१५

मी एकतीस वर्षं उत्पादनात होतो, शेवटची नऊ वर्षं प्लँट हेड. तुमच्या साहेबांच्या खुर्चीत बसलेला माणूस काय ऐकतो ते सांगतो.

"दोन वर्षं आहेस ना?" हे तो तुमच्यावर प्रेम आहे म्हणून विचारत नाही आणि संशय आहे म्हणूनही नाही. नवीन लाइनचे पार्ट गिऱ्हाइकाकडून मंजूर होईपर्यंत डायवर किती वेळा हात फिरवावा लागतो, हे त्याला माहीत आहे. त्या काळात डाय ओळखणारा माणूस गेला तर तारीख पुढे जाते आणि ती तारीख त्याने त्याच्या वरच्याला दिलेली असते. तुमच्या "हो"वर त्याने सगळी आखणी केली आहे. मुळात तुम्ही कायम राहाल अशी अपेक्षा शहाणा साहेब ठेवत नाही. माझ्या हाताखालची कितीतरी चांगली माणसं गेली, मला वाईट वाटलं, राग आला नाही. राग आला तो फक्त एकाचा. परदेशातून शिकून आला आणि तिसऱ्या महिन्यात गेला. त्याने बॉण्डचे पैसे भरले होते. पण त्याच्या जागी मी पाठवू शकलो असतो तो दुसरा मुलगा तोपर्यंत कंटाळून सोडून गेला होता. ते नुकसान कुठल्या चेकने भरायचं?

म्हणून तुमच्या तिन्ही प्रश्नांत मला एकच खरा प्रश्न दिसतो, जपान. ती जागा तुमच्यासाठी ठेवलेली आहे आणि तुम्ही ती अडवून बसला आहात. ती सोडा, आणि लवकर सोडा, म्हणजे दुसऱ्याच्या पासपोर्टला, व्हिसाला वेळ मिळेल. कारण विचारलं तर खरं सांगा. राजीनाम्याची तारीख आज सांगायची गरज नाही.

कृष्णाकाठ
१६ जून २०२४, सकाळी १०.३०

खुर्चीकाका, तुमचा मान राखून म्हणते. तुमच्यासारखा साहेब असेल तर ठीक. पण "कारण खरं सांगा" म्हणजे "मी जाणार आहे" हेच सांगणं झालं. प्रवेश नाही मिळाला तर? मग हा माणूस वर्षभर तिथेच, त्याच केबिनसमोर, "जाणारा" म्हणून शिक्का बसलेला. पगारवाढीच्या वेळी पहिला कोण कापला जाईल?

कोपऱ्यातली खुर्ची
१६ जून २०२४, दुपारी १२.१०

तो धोका आहे. मी तो नाकारत नाही. तुमच्यावर जे गुदरलं ते वाचून मला त्रास झाला, आणि असे फोन माझ्या काळातही झाले, त्यातले दोन मला स्वतःला करावे लागले. तरीही माझं मत तेच. खरं सांगितल्याने एक पगारवाढ जाईल. न सांगता जपानला गेला तर तो मुलगा जाईल.

तिसरी शिफ्ट
१७ जून २०२४, पहाटे ४.२५

मी नाशिकला अकरा वर्षं आयसीयूमध्ये स्टाफ नर्स होते. आता नर्सिंग कॉलेजमध्ये शिकवते, पण सवयीने अजून या वेळी जाग येते.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्या माणसाला शिकवायला जायचं तर पुढे शिकावं लागतं. मी पोस्ट बेसिक बीएस्सीची तयारी नोकरी करत करत केली. तुमच्यासारखीच मीही दुप्पट राबले. कुणाची नाइट घे, कुणाची सुट्टी भर. मनात एकच, की मी गेल्यावर हे पेशंट कोण बघणार. आणि खोलवर कुठेतरी ते वाटणं मला आवडतही होतं. हे लिहायला मला जड जातंय, पण तुम्ही कडक लिहा म्हणालात.

आमच्याकडे शिफ्ट बदलताना "ओव्हर" देतात. प्रत्येक बेडजवळ उभं राहून, जाणारी सिस्टर येणारीला सांगते. सलाइन किती गेलं, लघवी किती झाली, कोणतं इंजेक्शन राहिलं, रात्री दोनला प्रेशर उतरलं होतं, नातेवाईक कोण आहे, त्यांना काय सांगितलंय. मला अकरा वर्षांत चांगली सिस्टर म्हणायचे ते धावपळीमुळे. पण एकदा मला स्वतःला डेंग्यू झाला आणि मी मधल्या शिफ्टमध्येच ॲडमिट झाले. ओव्हर न देता. चार नंबर बेडच्या आजोबांना एका अँटिबायोटिकची रिॲक्शन येते, हे मला माहीत होतं, कारण त्यांच्या सुनेने मला बोलताबोलता सांगितलं होतं. फाईलवर लाल शाईने लिहायचं माझं राहिलं होतं, नंतर लिहू म्हणून. ते इंजेक्शन त्यांना दिलं गेलं. आजोबा वाचले, कारण पलीकडच्या बेडवरची सिस्टर वेळेत पोहोचली. त्या दिवसापासून मी माझ्या डोक्यातलं सगळं कागदावर काढायला लागले.

सोडायच्या आधी तीन महिने मी नवीन मुलींना प्रत्येक ओव्हर त्यांच्या तोंडून घ्यायला लावली. मी बाजूला उभी राहायचे आणि गप्प बसायचे. माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम ते होतं, गप्प बसणं.

तुमच्या ज्या डाय फक्त तुम्हालाच समजतात त्या लिहून काढा. दुसऱ्याची शिफ्ट भरण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं. आणि रात्री दोनचा फोन आला तर त्या जुन्नरच्या मुलाला पाठवा, तुम्ही घरी फोनजवळ बसा. सांगायचं की नाही यावर माझं मत खुर्चीकाकांसारखंच आहे, पण ते दोन दिवसांनी सांगितलंत तरी चालेल. वही आजच सुरू करा.

स्टुटगार्टकर
१७ जून २०२४, दुपारी २.५०

मी पिंपरीहून इकडे आलो त्याला आठ वर्षं झाली, गाड्यांच्या पार्टमध्येच आहे. इथे कामगाराने द्यायची नोटीस कायद्याने चार आठवडे, महिन्याच्या पंधरा तारखेला किंवा शेवटी संपणारी, पण करारात तीन महिने सर्रास असतात. मला सगळ्यात नवल वाटलं ते 'झ्विशेनझॉयग्निस'चं, म्हणजे नोकरीत असतानाच मागायचं मधलं प्रमाणपत्र. साहेब बदलला, विभाग बदलला की लोक ते मागून घेतात. आपल्याकडे अनुभवाचं पत्र निघाल्यावर मिळतं आणि त्यात फक्त तारखा असतात. टूलरूमवाले, आयटीआयच्या मुलाखतीत तुम्ही काय काय केलं हे दाखवावं लागेल. कोणत्या प्रकारच्या डाय, किती टनांच्या प्रेस, किती अप्रेंटिस घडवले, हे पत्रात लिहून द्याल का असं साहेबांना आत्ताच विचारा. चांगल्या मनाने काम चाललेलं असताना मागितलेलं पत्र चांगल्या मनाने लिहिलं जातं.

पाटाचं पाणी
१८ जून २०२४, रात्री १०.००

मला कुणी विचारलेलं नाही, पण उलट्या बाजूचं लिहितो. तेवढं इथे कुणी लिहिलेलं नाही.

मी एका पतसंस्थेत कॅशिअर होतो आणि राज्यसेवेचा अभ्यास करत होतो. शेवटचं वर्षभर मी कामावर फक्त शरीराने होतो. काउंटरच्या ड्रॉवरमध्ये नोट्स. "जरा येतो" म्हणून रेकॉर्डरूममध्ये जाऊन तासभर वाचन. शेजारच्या काउंटरवर एक ताई होत्या, पन्नाशीच्या. त्या काहीही न बोलता माझी रांग घ्यायच्या. आठवडी बाजाराच्या दिवशी दोन रांगा एकट्या. संध्याकाळी कॅश जुळेना की त्यांना थांबावं लागायचं आणि त्यांची शेवटची एसटी चुकायची. एकदा मी त्यांना स्टँडवर बाकावर बसलेलं पाहिलं, साडेआठला. मी मोटरसायकलवरून पुढे गेलो.

परीक्षा मी पास झालो नाही. पण तो भाग वेगळा, पास झालो असतो तरी हे असंच राहिलं असतं. त्या ताई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी पोहे केले आणि विचारलं, "अभ्यास चालू आहे ना रे?" मला माफी मागायची होती, ते शब्द आलेच नाहीत.

वरती सगळे साहेबाबद्दल बोलताहेत, कंपनीबद्दल बोलताहेत. कृष्णाकाठताई म्हणतात ते कंपनीच्या बाबतीत पटतं. पण आपलं न केलेलं काम कंपनी करत नाही. शेजारी बसलेलं माणूस करतं.

कृष्णाकाठ
१८ जून २०२४, रात्री ११.३५

पाटाचं पाणी, हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. माझं खोकं गेटवर ठेवलं होतं म्हटलं ना, ते भरलं होतं माझ्या मदतनिसाने. प्रत्येक वस्तू कागदात गुंडाळून. देवाचा छोटा फोटो वेगळ्या रुमालात. मी कंपनीचा राग धरला आणि त्याला कधी फोनही केला नाही. उद्या करते.

टूलरूमवाला
२७ जून २०२४, दुपारी ३.१०

आज परत गुरुवार. सगळ्यांचं वाचलं, काही प्रतिसाद तीन-तीनदा. उत्तर द्यायला उशीर झाला कारण आधी करायचं होतं.

वही १७ तारखेलाच सुरू केली. दोनशे पानी. एका डायला एक पान. सुरुवातीला वाटलं चार-पाच पानांत आटपेल, कारण ड्रॉइंग तर आहेतच. पण ड्रॉइंगमध्ये जे नाही तेवढंच लिहायचं ठरवलं आणि पानं भरत गेली. अमुक डायला डाव्या बाजूला ०.१५ मिमीचा शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, आहे, तो ड्रॉइंगवर नाही, २०१६मध्ये खालची प्लेट घासली तेव्हा घातला. अमुक डायमध्ये नवीन कॉइल लावली की पहिले वीस स्ट्रोक स्लग, म्हणजे कापलेला तुकडा, वर येतो का बघायचं, तेल कमी असलं तर येतोच. प्रोग्रेसिव्ह डायच्या, म्हणजे टप्प्याटप्प्याने पार्ट बनवणाऱ्या डायच्या, तिसऱ्या स्टेशनची पायलट पिन दर वेळी तीच तुटते, कारण पिन नाही, फीडरचा रोल आहे. हे सगळं माझ्या हातात होतं, डोक्यातसुद्धा नव्हतं. लिहायला बसलो की हात हवेत फिरवून आठवावं लागत होतं.

२१ तारखेला रात्री फोन आला. वटपौर्णिमेचा दिवस, बायकोचा उपास होता, ती म्हणाली जा. मी गेलो नाही. जुन्नरच्या मुलाला पाठवलं आणि फोनवर राहिलो. मला अर्धा तास लागला असता, त्याला अडीच तास लागले. ते अडीच तास मी अंगणात येरझाऱ्या घातल्या. तिसरी शिफ्ट, गप्प बसणं किती अवघड आहे ते कळलं.

सोमवारी, २४ला, साहेबांकडे गेलो. खुर्चीकाका, तुम्ही तारीख सांगू नका म्हणाला होतात. मला ते जमलं नाही. अर्धं खरं सांगायला लागलो की मागचं "हो" पुन्हा तोंडाशी येत होतं, म्हणून सगळंच सांगितलं. प्रवेश नक्की नाही हेही सांगितलं. जपानला त्या मुलाला पाठवा म्हणालो आणि वही टेबलावर ठेवली. गुरुवारच्या तासांचंही सांगितलं, कलम ११सकट.

साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चार तारखेलाच सांगायचं होतंस." मी म्हणालो, "हो, सांगायला हवं होतं." त्यावर ते चिडले. "मी वरती तोंड कसं दाखवू" वगैरे बोलले, ते सगळं इथे लिहीत नाही, त्यांचं बरोबर होतं. वही त्यांनी उघडलीसुद्धा नाही. त्या दिवसापासून सकाळच्या मीटिंगमध्ये माझ्याकडे बघत नाहीत.

कृष्णाकाठताई, तुम्ही म्हणालात तसा शिक्का बसला आहे. पण झोप लागतेय.

नोंदवही
२७ जून २०२४, सायंकाळी ६.२०

बोलणं झालं ते झालं. आता राजीनामा लेखी द्या, ईमेलने द्या आणि पोच ठेवा. दोन महिन्यांची नोटीस असेल तर १ जुलैला दिलात की ३१ ऑगस्ट येतो, तेरा वर्षं धरली जातात. प्रवेश मिळाला नाही तर हातातलं जाईल, म्हणून प्रवेशाच्या यादीची वाट बघायची असेल तर दोन आठवडे थांबा, तरीही तेराच राहतील. विम्याचं विचारलंत का?

टूलरूमवाला
२७ जून २०२४, रात्री ८.०५

विचारलं. आईचं वैयक्तिक पॉलिसीत होतंय, हप्ता जड आहे पण होतंय. नोटीस दोन महिन्यांचीच आहे. १ जुलैला देतोय. साहेबांना सांगून झाल्यावर यादीची वाट बघत बसणं म्हणजे त्यांना पुन्हा टांगणीवर ठेवणं. प्रवेश नाही मिळाला तर भोसरीत काम मिळेल, हात आहेत.

तिसरी शिफ्ट
२८ जून २०२४, पहाटे ४.५०

वही उघडली नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. ती त्यांच्यासाठी नव्हतीच.

कोपऱ्यातली खुर्ची
२८ जून २०२४, सकाळी ७.००

मी असतो तर मीही चार दिवस बोललो नसतो. नोटीसचे दोन महिने नीट काढा. शेवटच्या दिवशी साहेबांना भेटल्याशिवाय गेटबाहेर पडू नका, ते बोलोत न बोलोत.

टूलरूमवाला
१० ऑक्टोबर २०२४, रात्री ९.३०

बऱ्याच दिवसांनी. चुनाभट्टीहून लिहितोय. प्रवेश मिळाला. वर्गात मी वयाने सगळ्यात मोठा नाही, नगरचे एक जण ४१ वर्षांचे आहेत. दर शनिवारी रात्री घरी जातो. फळ्यावर लिहिताना माझं अक्षर वरती चढत जातं, त्याचा सराव चालू आहे. मुलीने सांगितलंय की पायरीने लिहू नका बाबा.

नोटीसचे दोन महिने नेहमीसारखेच काम केलं. ना जास्त, ना कमी. साहेब जुलैच्या मध्यापासून बोलायला लागले, कामापुरतं. शेवटच्या दिवशी भेटायला गेलो तर वही त्यांच्या टेबलावर होती, कोपरे तेलकट झालेले. म्हणजे शॉपवर जाऊन आली होती. अनुभवाच्या पत्रात त्यांनी "४६ अप्रेंटिसना प्रशिक्षण दिले" असं लिहिलंय. आकडा मी दिला नव्हता. त्यांनी कुठून तरी मोजून काढला.

जपानला जुन्नरचा मुलगा गेला होता, आता परत आलाय. उद्या-परवा खंडेनवमी, म्हणून टूलरूम झाडून-पुसून मशिनांना हार घालायची तयारी चालू असणार. त्याचा संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. मागे प्रेसचा आवाज. एका डायमध्ये पार्टला एका बाजूने बर, म्हणजे कडेला धारदार कंगोरा, येत होता.

मी सवयीने विचारलं, "पान २३ बघितलंस का?"

"बघितलं दादा. त्यात हे नाहीये. पंच नाही, स्ट्रिपरची स्प्रिंग बसली होती. बदलली, आता पार्ट बरोबर येतोय. फोन यासाठी केला की, हे कुठे लिहू?"

पान २३च्या मागची बाजू कोरी आहे म्हणालो.